काथ्याची गाठ आणि अळणी खिचडी

राजिवडा, रत्नागिरी
रविवार, संध्याकाळ

आदरणीय दीपकदादा सारंग यांना सुलेमान कुकचा मनापासून सलाम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? तुळसावहिनींचा दमा थंडीत वर येत नाही ना? नारळ यंदा बरे लागलेत असं कळलं, ऐकून बरं वाटलं. कानातलं यंत्र तुम्ही अजून कपाटातच ठेवता असंही कळलं, म्हणून तर हे पत्र. (फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मला इथून वेळणेश्वरपर्यंत पोचेल असं ओरडावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते इफ्फतनं, समरीननं आणि अख्ख्या आळीनं ऐकावं अशी माझी अजिबात इच्छा नाही.) इकडे आम्ही सगळे अल्लाच्या मेहेरबानीनं खुशाल आहोत. माझं ब्लडप्रेशर, ज्याच्यापायी जहाजाच्या कंपनीनं मला कायमचं घरी बसवलं, ते कालपर्यंत बरं होतं. आज मोजलेलं नाही. मोजायचा धीर होत नाही.

कारण असं की मला एका बाईचा भयंकर हेवा वाटतोय. (तुळसावहिनींना पत्र मोठ्यानं वाचून दाखवत असाल तर इथे थांबू नका, पुढचं वाक्य लगेच वाचा.) ही बाई म्हणजे आमच्या लेकीच्या, समरीनच्या शाळेतल्या शमिका मॅडम. वयानं माझ्या निम्म्या. शिकवतात गणित, आणि मुलींच्या गाईड पथकाच्या कॅप्टनही त्याच. कॅप्टन, दादा! आपण उभं आयुष्य कॅप्टनांच्या हाताखाली काढलं आणि आता घरात बसलो तर इथेही कॅप्टन. मूळच्या संगमेश्वरकडच्या, डोंगरातल्या. होडीत कधी पाय ठेवलेला नाही. घाटात एसटीसुद्धा लागते म्हणे त्यांना. हे मला समरीननंच सांगितलं, आणि तेही कौतुकानं.

गेल्या जूनपासून आमच्या घरात कुठलंही वाक्य ‘मॅडम म्हणतात’शिवाय सुरू होत नाही. मॅडम म्हणतात, पाणी बसून प्यावं. (हेच तिची दादी जन्मभर सांगत होती, तेव्हा ही नळाखाली उभ्यानं तोंड लावायची.) मॅडम म्हणतात, रोज एक तरी चांगलं काम करावं. म्हणून तिनं माझी दुबईहून आणलेली छत्री रस्त्यातल्या एका म्हातारीला देऊन टाकली. चांगलं काम तिचं, भिजतो मी. पालकसभेत मॅडम स्वतः पुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला तो डावा. डाव्या हातानं आम्ही कुणाला काही देत-घेत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी उजवा काढला, त्यांचा डावा, आणि दोन्ही हात बराच वेळ हवेतच राहिले. शेवटी समरीननं मागून माझं कोपर ढकललं आणि कुजबुजली की अब्बा, गाईडमध्ये डावाच देतात, हृदयाच्या बाजूचा. माझी हृदयाची बाजू त्या वेळी चांगलीच तापली होती.

तुम्ही म्हणाल, सुलेमान, एवढ्या नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं, पोर शिकतेय ना? दादा, पोर शिकतेय हीच तर गोष्ट आहे. समरीन झाली तेव्हा आपण ब्राझीलच्या वाटेवर होतो. तिचा पहिला दात मी फोनवर पाहिला. सुट्टीवर आलो की सुरुवातीला ती आईच्या, इफ्फतच्या मागे लपायची, आणि लपायची थांबायची तोवर माझी परत जायची थैली भरलेली असायची. आता कायमचा घरी आलो तर बघतो काय, शिकवण्यासारखं काही शिल्लकच नाही. पोहायला मामानं शिकवलं, सायकल शेजारच्या सागरनं, नमाज दादीनं. स्वयंपाक शिकवावा तर इफ्फत मला स्वयंपाकघरात उभं करत नाही. (तिचं म्हणणं, माझ्या हाताला अख्ख्या जहाजाचं मोजमाप आहे, मी चहा केला तरी मोहल्ल्याला पुरतो.) अशात एक दिवस पोर पडवीत दोरीचा तुकडा घेऊन बसलेली दिसली. गाठी! गाईडमध्ये गाठी शिकवतात! माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, ही तरी आपली गोष्ट. शेजारी जाऊन बसलो आणि पाहिलं, तर पोरीला सगळ्या येत होत्या. डोळे मिटून बांधत होती, डोळे मिटून सोडत होती. दर्यावर्दी माणसाच्या पोरीला गाठी शिकवल्या कुणी, तर जिला एसटी लागते तिनं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

एकच गाठ अशी होती जी मॅडमच्या पुस्तकात नव्हती. तुमची. बिस्केच्या आखातात जहाज उलटंपालटं होत असताना डेग चुलीवरून घसरू नये म्हणून तुम्ही मला शिकवलेली ती सारंगगाठ. मी ती आवळायचो, मग वारा पडला की तुम्ही गॅलीत माझ्या चुलीपाशी यायचात, चहा मागायचात आणि जाता जाता गाठ मोकळी करून जायचात. एवढी एकच गाठ मला येते हे तुम्ही जाणता. समरीनला मी ‘तुला एक अशी गाठ दाखवेन की बघत राहशील’ इतकंच म्हटलं. मागे अजून पुष्कळ असतील असं ती आपली धरून चालली.

तर झालं असं की मॅडमनी पथकाची पहिली मोठी मोहीम काढली. शनिवारी एसटीनं पालीला जायचं, तिथून पाठीवर सामान घेऊन कातळाचा सडा ओलांडायचा, दरीत उतरून पऱ्याचं पाणी पार करायचं, समोरचा डोंगर चढायचा आणि केरू नावाच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यात उघड्यावर झोपायचं. रविवारी दुसऱ्या वाटेनं परत. जेवण मुलींनीच रांधायचं. कुणी तांदूळ न्यायचे, कुणी डाळ, कुणी पातेलं. समरीनच्या वाट्याला मीठ, हळद, मसाला आला. (आचाऱ्याची मुलगी म्हणून तिला हे काम दिलं असेल, तर मॅडमची तेवढी एक गोष्ट मला पटली.) आमची पोर आजवर घराबाहेर एकटी झोपलेली नाही. मामाकडे गेली तरी रात्री रडून परत येणारी. इफ्फतनं तिच्यासाठी गुलाबी सॅक आणली, तिला इतक्या चेनी की कुठल्या कप्प्यात काय हे तिलाच कळेना. मी ती सॅक बाजूला सारली आणि माळ्यावरून माझी कॅनव्हासची थैली काढली. तीच हो, आपल्या सगळ्या बंदरांत फिरलेली. तिला चप्पल शिवणाऱ्याकडून खांद्याचे पट्टे लावून घेतले. इफ्फतनं मॅडमच्या सूचनेप्रमाणे सामान भरलं, आणि ती बाजारात गेल्यावर मी ते माझ्या पद्धतीनं पुन्हा भरलं. म्हणजे तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कोळंबीचं लोणचं, उकडलेली अंडी आणि भाकरी गरम करायला एक लहानसा तवा. मग थैलीचं तोंड काथ्याच्या दोरीनं आवळून वर सारंगगाठ मारली. समरीन अगदी जवळ येऊन बघत होती. अब्बा, ही कुठली गाठ, तिनं विचारलं. दादा, इतक्या वर्षांत त्या पोरीनं मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, ही तुझ्या मॅडमना येत नाही. मग तिनं विचारलं, सोडायची कशी? तेवढ्यात रिक्षा आली.

शाळेत आधी प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, तेव्हा मी सरळ स्टँडवर जाऊन आधीची गाडी पकडली आणि पालीला त्यांच्या अगोदर पोचलो. (इफ्फतला सांगितलं, पालीच्या बाजारात मुळे चांगले मिळतात.) चहाच्या टपरीवर गरम वड्यांचं पुडकं बांधून घेऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं पोरींची रांग आली. आधी मला माझी थैली दिसली, मग तिच्याखाली वाकलेली समरीन. मॅडमनी शिट्टी वाजवून रांग थांबवली, माझ्याकडे आल्या, डावा हात पुढे केला. मीही डावा दिला, बघा, किती शिकलो. वडे पुढे केले तर गोड हसून म्हणाल्या, ‘चाचा, इथून पुढे त्यांचं त्यांनी.’ समरीननं माझ्याकडे पाहिलं. हसली, पण दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशी. धावत आली नाही, थैली जड आहे म्हणाली नाही. शिट्टी वाजली, वळली आणि चालू लागली. वळणापर्यंत मला थैली दिसत होती. मग मी सगळे वडे एकट्यानं खाल्ले आणि खरंच मुळे घेतले. घरी इफ्फतनं जुडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आपल्या घरात मुळा खातो कोण?’ मी पेपर उघडून बसलो.

आज दुपारी परत आल्या. स्टँडवर गाडी थांबली आणि तांबड्या मातीनं माखलेल्या पोरी उतरल्या, कुठली कुणाची हे आयांनाही ओळखू येईना. समरीन लंगडत उतरली. नाक उन्हानं सोललेलं, खांद्यावर कुणाची तरी निळी शाल आणि पाठीवर माझी थैली. तोंड बांधलेलं. मी बांधलं होतं तस्संच.

घरी येईपर्यंत ती थांबली नाही, आणि हकीकत ऐकता ऐकता मला एकाच वेळी इतकं काय काय वाटलं की रिक्षावाल्याला दोनदा भलतंच वळण सांगितलं. पऱ्या ओलांडताना शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात बसली. थैलीचं तोंडही बुडालं. काथ्या भिजला की कसा चावतो हे तुम्हाला सांगायला नको, मला मात्र बांधताना सुचलं नाही. (गॅलीत दोरी भिजायची वेळच कधी आली नव्हती.) संध्याकाळी खळ्यात चुली पेटल्या, मीठ हवं झालं आणि गाठ सुटेना. समरीननं ओढली, मग थोरल्या मुलींनी, मग मॅडमनी नखांनी, चमच्याच्या दांड्यानं, दातांनीसुद्धा. शेवटी केरूनं कंदिलाजवळ धरून उलटीसुलटी पाहिली आणि निकाल दिला, ‘ह्या गाठीला तोंडच न्हाय गो.’ दादा, हे ऐकून मला झालेला आनंद मी तुमच्यापासून लपवत नाही. मॅडमना सुटली नाही! मी समरीनला एवढंच पुन्हा सांगायला लावलं.

पण आनंद फार टिकला नाही. मीठमसाला थैलीत, त्यामुळे पोरींनी खिचडी केली ती साफ अळणी. वर कच्ची, खाली करपलेली. आणि माझी बिर्याणी खाऊन ‘अब्बा, जरा मीठ कमी वाटतं’ म्हणणारी ही आमची मुलगी मला सांगते की अशी खिचडी मी जन्मात खाल्ली नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतली म्हणे. माझ्या हातचं जेवून, जहाज बंदरात घ्यायला चढणाऱ्या परदेशी पायलटांनी बोटं चाटली आहेत, दादा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तुम्ही साक्षीला होतात. तिची चादर, बॅटरी, ताट सगळं थैलीत अडकलेलं, तेव्हा कुणी ताट दिलं, कुणी चादरीचा कोपरा दिला आणि मॅडमनी आपली शाल दिली. मग म्हणे मॅडमनी तारे दाखवले. तारे! मी काय तारे पाहिले नाहीत? गॅलीला खिडकी होती. आणि रडलीस का रात्री, असं मी अगदी सहज विचारलं, तर म्हणते, नाही, का? आता हे लिहितोय तेव्हा ती पडवीत झोपली आहे, अंगावर तीच निळी शाल. आमच्या घरात चांगल्या मऊ ब्लँकेटी आहेत. मी एक नेऊन घातली होती, तिनं झोपेतच पायानं सारली.

मला आता विचारायचंय ते एवढंच, की ही कसली कॅप्टन? पोरीचं जेवण, पांघरूण सगळं पिशवीत, सुरीनं दोरी कापायला असा किती वेळ लागतो? मी समरीनला विचारलं, कापली का नाही? ती पेंगत होती. ‘नाही कापायची’ एवढंच बोलली. कोण म्हणालं नाही कापायची म्हणून विचारतो तोवर झोपलीसुद्धा. म्हणजे उघड आहे. बाईंच्या पुस्तकात नसलेली गाठ, आपल्याच हातानं सोडून दाखवायची जिद्द, आणि त्यापायी माझी पोर रात्रभर उसन्या पांघरुणात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ती शाल ठेवणार आहे (धुऊन, इस्त्री करून, कुणाचे उपकार नकोत) आणि समरीनचं नाव पथकातून काढून घेणार आहे. इफ्फत म्हणते, खुशाल जा, पण आधी तुमचे मुळे संपवा.

समरीननं येता येता ‘अब्बा, आता सोडा ना’ म्हटलं होतं. मी म्हटलं, आधी दोरी वाळू दे.

तुळसावहिनींना सलाम सांगा. गुडघ्याला शेक चालू ठेवा. तुमच्यासारख्या समजूतदार माणसाला माझं म्हणणं पटेल याची खात्री आहे.

तुमचा,
सुलेमान

ता. क. आज सोमवार. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं ते बरं झालं. शाल घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापक नव्हते, मॅडमच वर्गाबाहेर आल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माफी मागितली. म्हणाल्या, चाचा, मी सुरी लगेच काढली होती. पण समरीन थैलीवर जाऊन बसली आणि उठेचना. मीठ आत आहे म्हणून सगळ्या पोरी ओरडल्या, तरी उठली नाही. एकच धरून बसली, ‘अब्बांनी बांधलीय, अब्बाच सोडतील.’ मग अळणी खिचडीचं पहिलं ताट तिनंच घेतलं, फर्स्टक्लास झालीय असं जाहीर केलं आणि मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना नाव ठेवायला जागा राहू नये. रात्री उशाला थैलीच घेतली होती. एवढं ऐकल्यावर तक्रार कुठून सुरू करायची होती हेच मला आठवेना. शाल मॅडमच्या हातात दिली. हात दिला तो डावा, आणि या वेळी न चुकता.

पुन्हा ता. क. नाव काढलेलं नाही. उलट मॅडम म्हणाल्या की सगळ्या मुलींना ती गाठ सुटताना बघायची आहे, समरीननं त्यांना कबूलसुद्धा केलंय, तर येत्या रविवारी पथक तुमच्या पडवीत आणू का? मी बेशक म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. मॅडमसुद्धा शिकायला येणार आहेत.

शेवटचं. आज बुधवार. दादा, थैली खुंटीला टांगली आहे. दोरी कधीच वाळली, गाठ सुटत नाही. समरीन शाळेत गेली की मी बसतो. काटा झाला, दाभण झालं, खोबरेल तेल झालं. आतल्या अंड्यांना आता वास सुटलाय आणि सुकटीपायी आळीतली मांजरं खुंटीखाली मुक्कामाला आहेत. इफ्फतनं सुरी आणून माझ्यापुढे ठेवली. मी हातात घेतली, दोरीला लावलीसुद्धा, आणि परत ठेवून दिली. तिच्यानं कापवली नाही, मग माझ्यानं कशी कापवेल? तुम्ही जाणताच, जहाजावर बांधायचो मी आणि सोडायचात तुम्ही. हे पत्र गुहागर गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, तेव्हा मिळाल्याबरोबर निघा. कसंही करून शनिवारपर्यंत या. बिर्याणी करतो, इफ्फत नाही म्हणाली तरी करतो. गाठ तुम्ही सोडू नका, मला शिकवा, रविवारी ती माझ्याच हातानं सुटली पाहिजे. आणि कपाटातलं यंत्र आठवणीनं कानात घालून या. मला तुम्हाला सगळं हळू आवाजात विचारायचं आहे, आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि समरीनचे कान तिखट.